एल्व्हाच्या दोन भिंती

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ऑलिम्पिक पर्वत समुद्राला अगदी खेटून उभा आहे. तिथल्या हिमनद्यांचं पाणी घेऊन निघालेली एल्व्हा अवघ्या 72 किलोमीटरांत खाऱ्या पाण्याला मिळते. एवढ्याशा नदीत पॅसिफिक सॅमनच्या पाचही जाती चढत.

पोर्ट एंजेलिसच्या टॉमस ऑल्डवेलला या उतारात वीज दिसली. मुखापासून आठ किलोमीटरवर धरण उभं राहू लागलं, पण पाया खडकापर्यंत नेलाच नाही. ऑक्टोबर 1912 मध्ये पाण्याने भिंतीखालचे गोटे उपसून वाट काढली. भिंत जागेवर, नदी खालून पसार! भगदाडात दगड-माती आणि झाडांच्या फांद्या कोंबून 1913 मध्ये धरण पुरं केलं.

राज्याच्या 1890 च्या कायद्याने माशांना वर चढायला वाट ठेवणं सक्तीचं होतं. ती ठेवली नाही. अधिकाऱ्यांनीच तोड सुचवली: मत्स्यबीज केंद्र बांधा, म्हणजे धरण हा त्या केंद्राचाच मासे अडवायचा बंधारा समजू. कागदी चलाखीचा इतका देखणा नमुना मी तरी दुसरा पाहिलेला नाही. केंद्र 1922 मध्ये गुंडाळलं; धरण राहिलं. 1927 मध्ये वरच्या अंगाला ग्लाइन्स कॅन्यनची 64 मीटर उंच भिंतही आली.

दोन्हींची क्षमता मिळून जेमतेम 28 मेगावॉट. अखेरच्या काळात त्यांतून एका कागद गिरणीची निम्मी गरजही भागत नव्हती. आणि लोअर एल्व्हा क्लॅलम लोक जिथे आपल्या जमातीची उत्पत्ती झाली असं मानतात, ती जागा जलाशयाखाली होती.

1992 मध्ये अमेरिकी काँग्रेसने नदी पूर्ववत करण्याचा कायदा केला. भिंतींना हात लागायला 2011 उजाडलं. खरी अडचण काँक्रीटची नव्हती, साचलेल्या सुमारे दोन कोटी घनमीटर गाळाची होती. तो एकदम सुटला असता तर खाली हाहाकार. म्हणून आधी पोर्ट एंजेलिससाठी जलशुद्धीकरणाची सोय केली, मग भिंतींना खाचा पाडत पाणी टप्प्याटप्प्याने उतरवलं. 2014 मध्ये शेवटचा तुकडा निघाला. गाळ मुखाशी जाऊन बसला आणि झिजलेल्या किनाऱ्यावर नवी पुळण तयार झाली.

क्लॅलमांची ती जागा 2012 मध्ये पाण्याबाहेर आली. मासेमारी मात्र बंदच होती. 2023 च्या शरदात त्यांनी एल्व्हात पुन्हा कोहो सॅमन धरले, विक्रीसाठी नव्हे, विधींसाठी आणि घरच्या चुलीसाठी.