मेगापिक्सेल, पतंग आणि पांढरा कागद

कपाशीला पाती लागण्याच्या सुमारास अकोल्याकडचे दोन विद्यार्थी माझ्याकडे आले, आणि कामगंध सापळ्यात सापडणारे गुलाबी बोंडअळीचे पतंग संगणकाकडून मोजून घ्यावेत हा त्यांचा स्तुत्य मनोदय ऐकून मला संतोष वाटतो न वाटतो तोच त्यांनी एका कॅमेऱ्याचे दरपत्रक पुढे ठेवले. त्यातील रक्कम त्यांना मंजूर झालेल्या खर्चाच्या तिप्पट होती. "मेगापिक्सेल तं जास्तच लागतीन ना, सर?" असे त्यांतल्या एकाने विचारले. हा प्रश्न अमरावतीत, बडनेऱ्यात आणि शेगावात मी इतक्या वेळा ऐकला आहे, आणि त्यापायी इतक्या मुलांचे पैसे भलत्या ठिकाणी गेलेले पाहिले आहेत, की त्याचे उत्तर एकदा तपशीलवार लिहून ठेवणे मला कर्तव्य वाटते.

मेगापिक्सेल जितके अधिक तितकी संगणकाची दृष्टी तीक्ष्ण, ही समजूत चुकीची आहे. वस्तू ओळखण्यासाठी आज सर्रास वापरली जाणारी योलो कुळातील अलीकडची मॉडेले, आपण वेगळी तजवीज केली नाही तर, आलेल्या प्रतिमेची लांब बाजू ६४० पिक्सेलांवर आणतात आणि मगच ती वाचतात. म्हणजे ८ मेगापिक्सेलचा फोटो दिला काय आणि ६४ मेगापिक्सेलचा दिला काय, मॉडेलच्या पदरी पडते ते तेवढेच. आता हिशोब करू. पतंग ए-फोर कागदावर पसरून फोटो घ्यायचा असे धरू; त्या कागदाची लांबी २९७ मिलिमीटर. तो पूर्ण चौकटीत घेतला तर एका मिलिमीटरच्या वाट्याला जेमतेम दोन पिक्सेल येतात, आणि सुमारे ८ मिलिमीटर लांबीच्या पतंगाच्या वाट्याला सतरा. कॅमेरा जवळ नेऊन तोच फोटो अर्ध्या लांबीचा घेतला की सतराचे चौतीस होतात, आणि त्यासाठी एक पैसाही पडत नाही. प्रतिमा न आकसता तिचे तुकडे करून एकेक तुकडा मॉडेलला दिला, तर अधिक पिक्सेलांचा उपयोग होतो हे खरे. परंतु तेव्हाही रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या दुसऱ्या आवृत्तीचा ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ज्याची प्रतिमा ३,२८० पिक्सेल रुंद असते, त्याच पतंगाला अठ्ठ्याऐंशी पिक्सेल देतो, आणि मोजणीसाठी ते मुबलक आहेत.

मोबाइलच्या जाहिरातीतील ६४ या आकड्याने तर अधिकच फसगत होते. अशा बहुतेक संवेदकांत शेजारच्या चार पिक्सेलांवर एकाच रंगाची गाळणी असते आणि एरवी ते चौघे मिळून एक धरले जातात, त्यामुळे हाती येणारा फोटो सोळा मेगापिक्सेलचाच असतो. काही स्वस्त वेबकॅमच्या खोक्यावरचा मोठा आकडा तर निव्वळ अंतर्वेशनाने, म्हणजे मधले पिक्सेल अंदाजाने भरून, फुगवलेला असतो.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपल्याच राज्यातला दाखला पाहावा. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने कपाशीवरील बोंडअळीच्या पतंगांची मोजणी करणारी जी प्रणाली उभी केली, तिच्यावरील निबंध २०२० च्या केडीडी परिषदेत प्रसिद्ध झाला आहे. तिच्यासाठी खास कॅमेरा विकत घेतलेला नाही. सापळ्यातील पतंग पांढऱ्या कागदावर ओतावेत, साध्या स्मार्टफोनने फोटो काढावा, आणि मोजणी इंटरनेटविना त्याच फोनवर व्हावी, अशी तिची रचना आहे. माझ्या मते या साऱ्या योजनेत अक्कल खर्ची पडली आहे ती त्या कागदात, कारण मागची माती, काडीकचरा आणि सापळ्याचे चकाकणारे प्लास्टिक त्याने एका फटक्यात दृष्टिआड केले.

मी त्या दोघांना बांधावर नेले. सकाळचे कोवळे ऊन तिरपे येत होते; कागदावर चार पतंग, आणि प्रत्येकाशेजारी त्याच्याच आकाराची काळसर सावली. त्यांच्या मॉडेलने आठ मोजले. शिफारशीप्रमाणे सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग सापडले की फवारणीचा निर्णय घ्यायचा असतो. म्हणजे तीन दिवस असेच घडते, तर चार सावल्यांनी एक निष्कारण फवारणी ओढवली असती, आणि ज्या भागात, यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेथे हा दोष किरकोळ म्हणता येत नाही. कागद छत्रीच्या सावलीत घेतल्यावर त्याच कॅमेऱ्याने, त्याच मॉडेलने चार मोजले. सापळ्याच्या पिशवीत रात्रभर फडफडून ज्या पतंगाच्या पंखांवरचे खवले झडून गेले आहेत, त्याची नक्षी कोणत्याही किमतीचे भिंग परत आणू शकत नाही. त्यासाठी पहाटे लवकर सापळा रिकामा करणे हाच उपाय.

उरलेल्या समजुतींचा निकाल थोडक्यात लावता येतो. बोंडाचा फोटो काढून आतली अळी दिसेल, हे होणे नाही: अळी आत शिरते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसत राहते, म्हणून तर पतंग मोजावे लागतात. अवरक्त गाळणी काढलेला कॅमेरा सर्व कामांना चालतो, हेही खोटे. दिवसा त्यात हिरवी पाने गुलाबी-जांभळी दिसतात. वरूड-मोर्शीकडे संत्र्याची प्रतवारी करू पाहणारे स्वयंचलित श्वेतसंतुलन चालूच ठेवतात, आणि आंबिया बहाराचे फळ आतून पिकले तरी सालीवर हिरवे राहू शकते तेथे त्यामुळे फोटोगणिक होणारा रंगबदल सबंध प्रतवारी बिघडवतो. ते संतुलन एकदा ठरवून पक्के करावे.

अधिक पैसे खर्च करणे रास्त ठरते असे एक स्थळ मात्र आहे, आणि ते म्हणजे धावता पट्टा. साधा कॅमेरा प्रतिमा ओळीओळीने वाचतो; ही वाचणी वीस मिलिसेकंदांत पुरी होते असे धरले, तर सेकंदाला अर्धा मीटर चालणाऱ्या पट्ट्यावरचे संत्रे तेवढ्यात एक सेंटिमीटर सरकते आणि गोल फळ तिरके उमटते. तेथे सर्व ओळी एकदम टिपणारा ग्लोबल शटरचा कॅमेरा हवा, आणि रास्पबेरी पायच्या अशा कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल अवघे १.६ आहेत.

त्या विद्यार्थ्यांनी दरपत्रक परत केले. घरातल्या जुन्या फोनला लाकडी स्टँड करून, कागदापासून वीतभर अंतरावर पक्का बसवून, सकाळ, दुपार आणि ढगाळ वेळ असे तिन्ही प्रकारचे फोटो ते सध्या जमवीत आहेत.