चौकातील खांब आणि भूमी
विषय मराठीच्या प्राध्यापकाचा नव्हे. तरी मी तो घेतला, कारण शाळेची मुले सिग्नलच्या खांबाला हात टेकून रोज उभी असतात. अर्थिंगचा गज जमिनीत ठोकला की खांब निर्धोक झाला, असा सार्वत्रिक समज आहे. तो अपुरा आहे. तारेचे आवरण झिजून खांबात वीज उतरली आणि गजाचा भूमीशी रोध 25 ओहम असला, तर 230 व्होल्टला जेमतेम 9 अँपिअर प्रवाह वाहतो. तेवढ्याने 16 अँपिअरचा एमसीबी पडत नाही. वीज खांबातच राहते. म्हणून खांब, नियंत्रणपेटी व धातूची झाकणे तांब्याच्या तारेने परस्परांस जोडून, रोहित्राच्या न्यूट्रलपर्यंत धातूची सलग परतवाट द्यावी लागते. मग प्रवाह शेकडो अँपिअरवर जातो आणि एमसीबी क्षणात पडतो. या जोडणीस बाँडिंग, म्हणजे बंधन, म्हणतात. मुलांचे रक्षण गजाइतकेच या बंधनावर अवलंबून आहे.