लेखणीवर चूल पेटते का?

मराठीतला 'मानधन' हा शब्द मोठा फसवा आहे. गवंड्याला मजुरी मिळते, डॉक्टरला फी मिळते, वकिलाला तर तोंड उघडण्यापूर्वीच मिळते. लेखकाला मात्र मानधन मिळते. त्यात मान आधी, धन मागून. पुष्कळदा मानावरच भागते. एक शाल, एक श्रीफळ आणि अध्यक्षांचे चार गोड शब्द. रिक्षाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे! शब्द सोज्वळ आहे, त्यामागची भावनाही वाईट नाही. पण त्याने एक घोटाळा करून ठेवला आहे. लेखन हे काम आहे आणि कामाला दाम असतो, ही साधी गोष्ट देणाऱ्याच्या ओठांवर येत नाही आणि घेणाऱ्याला ती मागायचा संकोच वाटतो.

हा विषय निघण्याचे कारण म्हणजे अलीकडे मला भेटणारे आईबाप. 'मुलगी म्हणते, नोकरी सोडून पूर्णवेळ लिहिणार. तुम्ही तिला चार गोष्टी सांगा हो,' असे ते काकुळतीने म्हणतात. मी बँकेत उमेदवारी करून अधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि कादंबऱ्याही लिहिल्या. तेव्हा मी मुलीला शहाणपण शिकवीन अशी त्यांची खात्री असते. मी मुलीला 'सोड' म्हणत नाही आणि 'सोडू नकोस' असेही म्हणत नाही. एक वही घाल आणि हिशेब मांड, एवढेच सांगतो.

आपल्याकडे लेखकाच्या घरची चूल बहुधा नोकरीवर पेटत आली. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. श्री. ना. पेंडसे 'बेस्ट'मध्ये, व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत, व. पु. काळे मुंबई महापालिकेत. नोकरीने त्यांच्या लेखनाला पोसले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. केवळ लेखणीवर जगू पाहणाऱ्यांच्या दोन तऱ्हा दिसतात. एकीकडे बाबूराव अर्नाळकर. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर गेली. झुंजार आणि काळापहाड यांनी वाचनालयांच्या कपाटांची दारे सैल केली. दुसरीकडे अण्णा भाऊ साठे. 'फकिरा'सारखी कादंबरी लिहिणारा, ज्याचे लेखन भाषांतरित होऊन रशियापर्यंत पोहोचले तो माणूस घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिला आणि १९६९ साली विपन्नावस्थेतच गेला. कीर्ती आणि किराणा यांचा एकमेकांशी संबंध असतोच असे नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

आता वहीकडे वळू. समजा, कादंबरीची किंमत ३०० रुपये, आवृत्ती १००० प्रतींची आणि मानधन, म्हणजे रॉयल्टी, दहा टक्के. सगळ्या प्रती विकल्या गेल्या तर लेखकाच्या हाती ३०,००० रुपये येतात. कादंबरीला दोन वर्षे लागली असतील, तर महिन्याला १,२५० रुपये पडले. तेवढ्यात घरातला गॅस आणि दूधसुद्धा भागायचे नाही. हा आकडा पाहून मुले खट्टू होतात. आईबापांचे चेहरे मात्र उजळतात. दोघांचीही घाई होते, कारण वहीचे हे पहिलेच पान असते.

लेखणीवर घर चालवणारे आजही आहेत. त्यांचे लेखन दोन खात्यांत विभागलेले असते. एक चालू खाते, दुसरी मुदत ठेव. चालू खात्यात सदरे, भाषांतरे, मालिकांचे भाग, जाहिरातींचा मजकूर, संस्थांच्या स्मरणिका, कुणा उद्योजकाच्या आत्मचरित्राचे शब्दांकन, संपादन, मुद्रितशोधन हे सारे येते. त्यात फारसे नाव नाही, पण काम केले की ठरलेले पैसे मिळतात. मुदत ठेवीत आपली स्वतःची पुस्तके, नाटके, कथा. त्यांना व्याज उशिरा लागते, कधी लागतही नाही. पण लागले तर वर्षानुवर्षे लागत राहते. नुसत्या चालू खात्यावर राहणारा दहा वर्षांनी थकतो आणि हाती स्वतःचे असे काही उरत नाही. नुसती ठेव ठेवणाऱ्याच्या घरी महिनाअखेरीस वाण्याची उधारी होते. दोन्ही सांभाळतो तो टिकतो.

रत्नाकर मतकरींचे उदाहरण मला ह्या बाबतीत मोलाचे वाटते. वीस वर्षे त्यांनी बँक ऑफ इंडियात नोकरी केली आणि १९७८च्या सुमारास ती सोडून पूर्णवेळ लेखन पत्करले. पण तोवर नाटके, बालनाट्ये, गूढकथा यांची ठेव बरीच साठली होती. नोकरी सोडून मग लिहायला बसले, असे झाले नाही. पुढे गूढकथांवरून 'गहिरे पाणी' ही मालिका निघाली. दिलीप प्रभावळकरांनी पूर्वी ज्यातली चेटकीण गाजवली ते 'अलबत्या गलबत्या' २०१८ साली पुन्हा रंगमंचावर आले आणि पहिल्या प्रेक्षकांची नातवंडे ते पाहायला गेली. एकदा लिहिलेले असे पुन्हा पुन्हा उभे राहते, तेच लेखकाचे खरे भांडवल.

नोकरी सोडायची तरी कधी? ह्याचे सर्वांत रोखठोक उत्तर मला एका इंग्रज पोस्ट अधिकाऱ्याच्या आत्मचरित्रात सापडले. अँथनी ट्रोलप हा एकोणिसाव्या शतकातला कादंबरीकार. तिकडे रस्त्यावर पत्रपेट्या आल्या त्या ह्याच्याच शिफारशीवरून. रोज पहाटे कचेरीपूर्वी घड्याळ समोर ठेवून तो दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिही. अशा त्याच्या सत्तेचाळीस कादंबऱ्या झाल्या. साठीपर्यंत नोकरी केली असती तर जेवढे निवृत्तिवेतन मिळाले असते, तेवढे उत्पन्न देणारी पुंजी साठल्यावर, १८६७ साली, त्याने राजीनामा दिला. मृत्यूनंतर, १८८३ साली निघालेल्या त्या आत्मचरित्रात लेखनाची एकूण कमाई त्याने शिलिंग-पेनींसकट नोंदली आहे : ६८,९३९ पौंड, १७ शिलिंग, ५ पेनी. रसिकांना हे फार खटकले. प्रतिभेच्या देवळात हा खतावणी घेऊन कसा आला! मला मात्र तो त्या पानावर फार जवळचा वाटला.

भांडवल म्हटले की ते सांभाळणे आले. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी, 'अ स्टडी इन स्कार्लेट', १८८७ साली एका ख्रिसमस वार्षिकात, म्हणजे आपल्या दिवाळी अंकासारख्याच प्रकाशनात, आली. कॉनन डॉईलने रॉयल्टी मागितली होती. प्रकाशकांनी नकार देऊन एकरकमी २५ पौंड देऊ केले आणि सारे हक्क घेतले. अडलेल्या तरुण डॉक्टरने सही केली. होम्स जगभर गेला, पण त्या पुस्तकापायी डॉईलला पुढे एक पेनीही मिळाली नाही.

आपला १९५७चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने बराच बोलतो, तो वाचणारे लेखक मात्र थोडे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात; तोंडी 'हो' म्हटल्याने जात नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मागे साठ वर्षे हा हक्क चालतो. म्हणजे तो मुलांचाच नव्हे, नातवंडांचाही वारसा झाला. घर आणि दागिन्यांचे मृत्युपत्र करणारे लेखक ह्या मालमत्तेचा त्यात उल्लेखही करत नाहीत. छापील पुस्तक, भाषांतर, नाट्यरूपांतर, मालिका, ऑडिओ बुक हे सारे वेगवेगळे हक्क आहेत. 'सर्व हक्क' ह्या दोन शब्दांखाली सही करणे म्हणजे एक खोली भाड्याने देताना साऱ्या वाड्याच्या किल्ल्या देऊन टाकणे.

कर्जविभागात असताना माझ्यापुढे लेखनावर जगणारी माणसेही बसत. त्यांच्याजवळ कात्रणांची जाडजूड फाईल असे, पगाराची पावती नसे. बँकेला कात्रणे वाचता येत नाहीत. तिला दोन-तीन वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रे लागतात आणि ती ज्यांनी नेमाने भरली त्यांचे घराचे कर्ज मंजूरही होई. म्हणून उत्पन्न कमी असले तरी विवरणपत्र भरावे. कापलेला टीडीएस त्यातूनच परत मागता येतो. काम घेतानाच दर, मुदत आणि पैसे कधी मिळणार हे लेखी विचारावे. तारीख उलटली तर आठवणीचे पत्र धाडावे. त्यात राग नको आणि अजिजीही नको. वर्षाच्या खर्चाइतकी शिल्लक बाजूला असावी, आरोग्यविमा असावा. हे सारे नीरस आहे, मला मान्य आहे. पण कादंबरीच्या तेराव्या प्रकरणाशी झटत असताना दाराशी वीजबिलवाला उभा नसणे, ह्याइतकी उत्तम लेखनसामग्री दुसरी नाही.

आणि घरच्यांविषयी. 'तो घरीच तर असतो' ह्या वाक्याने मराठी साहित्याचे फार नुकसान केले आहे! घरी असणारा कामावर असू शकतो. सकाळचे तीन तास त्याला गिरणीत धाडू नका, बँकेत पाठवू नका, पाहुण्यांपुढे बसवू नका. त्यानेही दुपारी भाजी आणावी आणि महिन्याची वही घरच्यांना दाखवावी. जमा किती, येणे किती, थकले किती. वही उघडी असली की संशय राहत नाही, आणि मग पडते महिनेही सगळे मिळून निभावतात.

वहीच्या पहिल्या पानावर १,२५० होते. पाच-सात वर्षांनी चालू खात्याचे काम नेमाने येऊ लागते, जुन्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते, एखाद्या कथेचे भाषांतर होते. तेव्हाच्या पानावर घरखर्चाचा आकडा सलग दोन वर्षे भागलेला दिसला तर मुलीने खुशाल राजीनामा लिहावा. तोवर पहाटेचे घड्याळ आहेच.