मोहाच्या झाडाखालचा महिना

वसंतात जंगलात शिरायचं आणि खाण्याजोगं काहीतरी हुडकून आणायचं, ही हौस हिमालयात गुच्छीच्या नावावर जमा आहे. बर्फ वितळलं की काश्मीर-हिमाचलातली माणसं देवदाराखाली ती अळंबी शोधत फिरतात, जागा सापडली तर सख्ख्या भावालाही सांगत नाहीत आणि सुकवलेली गुच्छी किलोला हजारो रुपयांनी विकतात. गडचिरोलीतल्या अहेरीच्या जंगलात अळंबीचा हंगाम पावसाळ्यात, वारुळांवर सात्या उगवतात तेव्हा. इथला वसंत मोहाचा. आणि मोहाचं सगळंच गुच्छीच्या उलट. झाड कुठे आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक असतं. कोणतं झाड कोणाच्या घराचं, हेही ठाऊक असतं. ते सातबाऱ्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. आजोबा ज्या झाडाखाली वेचायचे तिथे नातू वेचतो. कोणी मध्ये घुसलं तर भांडण गावापुढे जातं, कचेरीत नाही.

प्राणहितेच्या काठावरचं अहेरी हे जुन्या चांदा जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या जमीनदारीचं गाव. 1951 मध्ये जमीनदाऱ्या संपल्या, जंगल सरकारचं झालं, 1982 मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा निघाला. मालक बदलत गेले, पण झाडाखालची वाटणी बदलली नाही. आलापल्लीच्या सागाचा गाजावाजा सगळीकडे आहे, तो रास्तही आहे. मात्र साग उभा असतो सरकारसाठी, त्यातून गावाच्या चुलीला फारसं काही येत नाही. शेतासाठी रान मोकळं करतानाही इथला माणूस सागावर कुऱ्हाड घालील, मोहावर घालणार नाही. बांधांवर, धानाच्या शेतात मधोमध एकटे उभे असलेले ते डेरेदार मोह त्यामुळेच राहिलेत.

फेब्रुवारीत मोहाची पानं झडतात. मार्चच्या मध्यापासून उघड्या फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस लोंबू लागतात आणि मग महिनाभर रोज रात्री झाड गळत राहतं. मोह चिकू आणि बकुळीच्या कुळातला. फूल हातात घेऊन पाहिलं तर ते फूल वाटतच नाही. द्राक्षाएवढा पिवळसर पांढरा, मांसल, पाणीदार गोळा. टोकाला बारीक भोक, आतून केसरांच्या काळसर टोकांची दाटी. दाबलं की चिकट रस निघतो. वास गोड आणि उग्र, नव्या माणसाला पहिल्या दिवशी डोकेदुखी आणणारा. खाली पडते ती फक्त पाकळ्यांची ही पिशवी, केसरांसकट. स्त्रीकेसर वर देठालाच राहतो आणि पुढे त्याचं फळ होतं. म्हणजे पडलेलं फूल न् फूल वेचून नेलं तरी झाडाचं काही जात नाही. परागीकरणाचं काम रात्रीच वटवाघळं उरकून गेलेली असतात.

वेचणं पहाटेचं. अंधार विरळ होताच टोपल्या घेऊन बायका, पोरं, म्हातारी माणसं झाडाखाली पोचतात. शाळेच्या हजेरीपटावर हा महिना नेमका दिसतो. उशीर परवडत नाही, कारण भागीदार पुष्कळ: गुरं, हरणं, डुकरं आणि मुख्य म्हणजे अस्वल. ऊन चढलं की फूल मऊ पडतं, मुंग्या लागतात, माती चिकटते. वेचणारी बाई कमरेत वाकून किंवा उकिडवी बसून पुढे सरकत जाते. दोन्ही हात चालू, मूठ भरली की टोपलीत. एक एक फूल उचलायचं असतं. ओरबाडून गोळा केलं तर पाचोळा आणि खडे येतात, आणि ते निवडण्यात सकाळ जाते.

हे वाकणं जिवावरही बेततं. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलच्या पट्ट्यात उन्हाळ्यात वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात, त्यांत मोहफूल आणि तेंदूपत्त्यासाठी गेलेली अनेक असतात. वनखात्याचे लोक सांगतात की वाकलेला माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. ‘एकट्याने जाऊ नका, अंधारात जाऊ नका’ असे फलक लागतात. पण अंधारात गेलं नाही तर फूल अस्वलाचं. घोळक्याने जायचं म्हटलं तर झाडं विखुरलेली, आणि प्रत्येकीचं झाड वेगळं.

झाडाखालची जागा आधी साफ करावी लागते आणि या कामातली वाईट सवय तिथेच आहे. वाळलेल्या पाचोळ्यात फूल दिसत नाही म्हणून पाचोळा पेटवून देतात. राखेवर पडलेलं पांढरं फूल लांबून दिसतं. एखादा वारा आला की ती आग झाडाखाली थांबत नाही. उन्हाळ्यात गडचिरोलीचं जंगल जागोजाग जळतं, त्याचं हे एक मोठं कारण आहे. जळतो तो पाचोळाच नव्हे, मोहाची कोवळी रोपंही जळतात. खालचं रान दरवर्षी भाजायचं, बिया तेलासाठी सगळ्या उचलायच्या, मग नवा मोह यायचा कुठून? जंगलात म्हातारे मोह पुष्कळ आणि पोरगेले मोह शोधावे लागतात, ही तक्रार खरी आहे. उपाय अगदी साधा: खराट्याने झाडणं, किंवा झाडाखाली जाळी बांधणं. जाळीतलं फूल स्वच्छ राहतं आणि खाण्यासाठी विकायचं तर जास्त भावही येऊ शकतो. मात्र जाळीला पैसे लागतात आणि काडेपेटीला लागत नाहीत.

घरी आणलेलं फूल अंगणात पसरतात. सारवलेल्या जमिनीवर तीन-चार दिवस कडक ऊन मिळालं की पांढऱ्याचं तांबूस, तांबसाचं तपकिरी होतं, मनुकेसारखं सुरकुततं. मग काठीने हलकं बडवून केसर झाडून टाकायचे. चार-पाच किलो ओल्या फुलांतून जेमतेम किलोभर सुकं हाती लागतं. या दिवसांत अवकाळी पावसाचा एक शिंतोडा सगळी मेहनत काळी करून जातो. काळं पडलेलं फूल दारूवाल्यालाही नको असतं.

वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखर असते, आणि फुलाचं सगळं भाग्य नि दुर्भाग्य या साखरेत आहे. भाजून कुटून तिळाबरोबर त्याचे लाडू होतात. धान्य कमी पडलं की फूल शिजवून दाण्यांत मिसळतात, भाकरीच्या पिठात घालतात. दुष्काळात माणसं त्याच्यावर जगलेली आहेत. कामाच्या बैलालाही चारतात. माडिया-गोंडांमध्ये हंगामाचं नवं काही तोंडी लावण्याआधी पंडुम करतात, देवाला दाखवतात, मग घरात घेतात, मोह त्यातलाच. जन्म, लग्न, मयत, मोहाच्या थेंबाशिवाय काही पार पडत नाही. डॉ. राणी बंग यांच्या ‘गोईण’ या पुस्तकात इथल्या बायकांचं झाडांशी असलेलं मैत्र आलं आहे. मोहाच्या बाबतीत ते नातं मैत्रीपेक्षा सासुरवाशिणीच्या माहेराशी जास्त मिळतं, असं मला वाटतं: अडीनडीला तिथेच जायचं.

कायद्याला मात्र या फुलात फक्त दारू दिसली. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात ठाणे-कुलाब्याकडे 1892 मध्येच मोहाच्या फुलांवर कायदा आणला होता. घरची दारू बंद झाल्याशिवाय सरकारी गुत्त्याचा महसूल वाढत नव्हता. स्वतंत्र भारतात 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने तोच संशय पुढे चालवला. ठरावीक वजनापेक्षा जास्त मोहफूल घरात ठेवणं, नेणं, विकणं परवान्याशिवाय गुन्हा. आता विचार करा, चांगल्या वर्षी दोन-तीन झाडांखालीच एखाद्या घराचं पोतं भरतं. म्हणजे पाऊस-पाणी ठीक झालं की घर आपसूक गुन्हेगार. पेसा कायदा 1996 चा, वनहक्क कायदा 2006 चा. दोघांनीही गौण वनोपजावरची मालकी गावाला दिली. धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि देशभर नाव झालं. तरी मोहफूल उत्पादन शुल्क खात्याच्या वहीत अडकूनच राहिलं. महाराष्ट्राने ते निर्बंध उठवले 2021 मध्ये. पुढच्या वर्षी आणखी गंमत झाली: मोहापासून बनवलेल्या मद्याला राज्य सरकारने ‘विदेशी मद्या’च्या वर्गात बसवलं. अहेरीच्या अंगणात वाळलेलं फूल बाटलीत गेलं की विदेशी!

यात दुसरी गुंतागुंत आहे आणि ती टाळून मोहाविषयी लिहिणं लबाडीचं होईल. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, आणि ती वरून लादलेली नाही. गावोगावच्या बायकांनी, ‘सर्च’सारख्या संस्थांच्या साथीने, ती मागून घेतली. आजही गावातल्या महिला एकत्र येऊन ‘मोहसडवा नष्ट केला’ अशी बातमी स्थानिक पेपरात दर आठवड्याला सापडते. पहाटे फूल वेचणाऱ्या आणि ड्रम उलथून टाकणाऱ्या बायका बऱ्याचदा त्याच असतात. बाहेरच्याला हा विरोधाभास वाटतो. मला वाटत नाही. पूजेला लागणारा शिंपणभर मोह आणि रोज संध्याकाळी नवऱ्याच्या हातातली बाटली यांतला फरक त्यांना कोणत्याही कायद्याच्या मसुद्यापेक्षा चांगला कळतो. चंद्रपूरची बंदी 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. गडचिरोलीची टिकून आहे.

निर्बंध उठले, मग भाव सुधारला का? केंद्राने गौण वनोपजाला आधारभूत किंमत लावली, सुक्या मोहफुलाची 2020 मध्ये किलोला 17 वरून 30 रुपये केली. कागदावर चांगली गोष्ट. पण आठवडी बाजारात बाई टोपली घेऊन येते तेव्हा समोर सरकार नसतं, व्यापारी असतो. तो मूठ भरून घेतो, दाबतो, वास घेतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो, “सुकला नाही व माय अजून.” वजनातून काही कापलं जातं, उरलेल्याचं मीठ-तेल-मिरची होते. अहेरीच्या बाजारात हा व्यवहार मराठीत चालतो, गोंडीत चालतो आणि नदीपलीकडचा तेलंगणाचा माणूस असला तर तेलुगूत. इरूक म्हणा, मोह म्हणा की इप्पा पुव्वू, कापलेलं वजन सारखंच.

खरी मेख वेळेत आहे. एप्रिलमध्ये सगळ्यांच्याच अंगणात मोह असतो, म्हणून भाव पडलेला. पावसाळ्यात मोह कोणाकडेच नसतो, म्हणून भाव चढलेला. मधले चार महिने जो थांबू शकतो तो कमावतो, आणि वेचणारं घर थांबू शकत नाही. हातात पैसे संपलेले, पेरणीचं बियाणं घ्यायचं. शिवाय ठेवायचं कुठे? सुकं फूल पावसाळी हवेतला ओलावा लगेच ओढतं, बुरशी धरतं, अळी पडते. बांबूच्या कणगीत ते श्रावणापर्यंत टिकेलच असं नाही. मग एप्रिलमध्ये विकलेलाच मोह बैलासाठी किंवा देवकार्यासाठी भादव्यात जास्त भावाने परत विकत घेणारी घरं कमी नाहीत. परवाने, आधारभूत किंमत, दारूचा वर्ग यांवर इतकी चर्चा झाली, त्यातली थोडी जरी गावातल्या कोरड्या गोदामावर झाली असती तर वेचणारीच्या हाती जास्त पडलं असतं, असं माझं मत आहे.

तेंदूपत्त्याशी तुलना केली की हे स्पष्ट दिसतं. मोह संपतो न संपतो तोच मे महिन्यात तेंदू लागतो. सत्तर पानांचा पुडका बांधायचा, फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, मोजून द्यायचा. तिथे लिलाव होतो, कंत्राटदार ठरतो, वनहक्क आणि पेसाच्या जोरावर अनेक ग्रामसभा आता तो लिलाव स्वतः करतात आणि भावासाठी अडून बसतात. पान सगळ्या गावाचं म्हणून गाव एकत्र येतं. मोहाचं झाड घराघराचं, त्यामुळे विक्रीही घराघराची, टोपली-टोपलीची, आणि व्यापाऱ्याला नेमकं तेच सोयीचं. काही ग्रामसभांनी मोहाची एकत्र खरेदी आणि साठवण करण्याचा प्रयत्न केला आहे. अडचण येते ती पहिल्या रकमेची, कारण बाईला पैसे आज हवे असतात आणि गोदामाचे पैसे चार महिन्यांनी येतात. कोणी तेवढी उचल दिली तर गणित जुळतं.

ज्येष्ठात टोरी, म्हणजे मोहाचं फळ, पडू लागते. तेच झाड, तीच जागा, पुन्हा वाकणं. टोरी फोडून, वाळवून तेल काढतात. थंडीत ते तुपासारखं गोठतं, भाजीला चालतं, दिव्याला चालतं, फुटलेल्या टाचांना लावायला तर फारच चांगलं. उरलेली ढेप माणसाने किंवा गुराने खायची नाही. ती पाण्यात कालवली की मासे गुंगतात. तोवर पाऊस येतो आणि बायका धानाच्या रोवण्याला लागतात.