नत्र म्हणजे युरिया नव्हे



जून लागला की आमच्या गट ऑफिसात लागणीच्या नोंदीइतकीच आणखी एक चौकशी चालते. "साहेब, पोरगं दहावी पास झालं, सायन्सच घ्यायचं न्हवं?" आम्ही पडलो शेतकीचे डिप्लोमावाले, आमचे उत्तर ठरलेले. सायन्स घ्या, जमले तर ॲग्रीला जा. आर्ट्‌सचे नाव निघाले की आम्हीही नाक मुरडत होतो. हे मत बदलावे लागले ते एका खताच्या पत्रकामुळे. चूक आमचीच, म्हणून ती सांगणे प्राप्त आहे.

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद व ११५ किलो पालाश ही शिफारस आपण ऐकत आलो आहोत. तिचा एकराचा हिशोब करून आम्ही छापले की एकरी १०० किलो नत्र चार हप्त्यांत विभागून द्यावे. शास्त्र बरोबर, आकडाही बरोबर. मोठ्या बांधणीच्या सुमारास प्लॉट पाहणीस गेलो, तर एका सभासदाचा ऊस पिवळा पडलेला.

"आबा, खत किती टाकलं?"

"तुमच्या कागदापरमाणं. शंभर किलो. दोन गोणी आन्‌ वर थोडा."

म्हणजे शंभर किलो युरिया! युरियात नत्र शेकडा ४६. सगळे नत्र युरियातून द्यायचे तर एकरी २१७ किलो लागतो, ४५ किलोच्या जवळजवळ पाच गोणी. चौकशी केली तेव्हा त्याच शिवारात आणखी काही जणांनी तसेच वाचल्याचे कळले. टनेज गेले ते गेलेच. पत्रकाखाली सही आमची.

आबांचा थोरला मुलगा बी. एस्सी. ॲग्रीला. त्याने पत्रक वाचले होते, पण त्याला काही खटकले नाही, कारण नत्र म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते. (आमचेही तेच झाले.) धाकटी मुलगी बी. ए.ला, मराठी आणि इतिहास घेऊन. तिने कागद हातात घेतला आणि म्हणाली, "काका, हे कुणासाठी लिहिलंय? दुकानात नत्र मागितलं तर देतील का?"

आम्हाला उत्तर सुचेना. मग हप्ते आम्ही सांगितले आणि तिने पाठकोऱ्या बाजूवर लिहिले: लागणीला युरिया अर्धी गोणी, दीड-दोन महिन्यांनी दोन गोण्या, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अर्धी, मोठ्या बांधणीला दोन. (माती परीक्षणाप्रमाणे कमीजास्त करावे, हे आहेच.) आबा बाजूला बसून म्हणत होते, "हिचं शिक्षण यंदा बंद करणार. आर्ट्‌स शिकून काय पोटाला मिळतंय?"

घरी आल्यावर वाटले, आपली सहकारी कारखानदारी तरी निव्वळ शास्त्रावर उभी राहिली काय? त्या वेळच्या नगर जिल्ह्यात खासगी साखर कारखाने आधीपासून होते. यंत्रे आणि केमिस्ट त्यांच्याकडेही होते. शेतकरी मात्र मालक नव्हता. १९५०-५१ च्या सुमारास प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, त्यात विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीला धनंजयराव गाडगीळ होते, आणि पहिले अध्यक्षही तेच. गाडगीळ साखरतज्ज्ञ नव्हते, अर्थशास्त्राचे अभ्यासक होते. भारतातील उद्योगांच्या वाटचालीवर त्यांनी १९२४ सालीच पुस्तक लिहिले होते. भांडवल कसे उभारायचे, भाग कुणाला द्यायचे, लहान-मोठ्या शेतकऱ्याला एकच मत का असावे, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारे नव्हतेच.

सायन्स नको असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मावा आला तर औषध शास्त्रच सांगणार. पण ॲग्रीच्या मुलाला चार ओळी सरळ मराठीत लिहिता याव्यात, आणि वार्षिक सभेच्या अहवालातला ताळेबंद वाचून प्रश्न विचारता यावा, एवढे तरी हवे की नको? आमच्या डिप्लोमात यातले काही नव्हते, त्याची उणीव आता जाणवते.

यंदाचे खोडव्याचे पत्रक छापण्यापूर्वी त्या मुलीकडून वाचून घेतले. तिने तीन शब्द बदलले आणि एक परिच्छेद पुराच काढला. आबांनी तिची तिसऱ्या वर्षाची फी भरली. गट ऑफिसात पावती दाखवायला आले तेव्हा म्हणाले, "भरली बगा. पर साहेब, कागद तेवढा नीट लिवत जावा."