डीएनएचा रिपोर्ट अडतो कुठे?

बलात्काराची फिर्याद नोंदली की वस्तीत पहिला प्रश्न येतो : रिपोर्ट कधी येणार? डीएनए हा शब्द आता परंडा-उमरग्याच्या गावकुसाबाहेरही पोचला आहे. त्याला वेळ का लागतो, हे मात्र फिर्यादीला कोणी समजावून सांगत नाही.

प्रयोगशाळेतले काम तसे थोड्या दिवसांचे. कपड्यावरच्या डागातून डीएनए वेगळा काढायचा, त्यातल्या ठराविक भागांच्या प्रती यंत्रात वाढवायच्या आणि आरोपीच्या रक्ताशी ताडून पाहायचे. वेळ यंत्र खात नाही, रांग खाते. राज्यभरातल्या ठाण्यांचा मुद्देमाल कालिना, नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर अशा मोजक्या प्रयोगशाळांत येऊन साचतो. त्याआधी तो ठाण्याच्या कपाटात किती दिवस पडला, ते निराळेच! ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की डाग कुजतो. तो सावलीत वाळवून कागदात बांधायचा असतो. नमुना घेतल्यापासून 48 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये बजावले आहे.

अॅट्रॉसिटीच्या नियमांप्रमाणे तपास आटोपून 60 दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हावे लागते. तोवर रिपोर्ट आला नाही, तर ‘सी.ए. रिपोर्ट नंतर सादर करू’ असे लिहून पोलीस मोकळे होतात. कायद्याची त्याला मुभा आहे. भीती आहे ती या ‘नंतर’ची. अमरावती जिल्ह्यात 2007 साली तीन वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. आरोपीचे नमुने घेतले होते, पण त्यांचा निष्कर्ष खटल्यात कधी मांडलाच गेला नाही. 2012 मध्ये कायम झालेली फाशी 2018 च्या फेरविचारात जन्मठेपेवर आली, तेव्हा न्यायालयाने ही उणीवही नोंदवली.

रांगेतल्या या महिन्यांत गावात काय चालते? ‘रिपोर्टच नाही, केसमध्ये दम नाही, मिटवून घ्या’, असे निरोप येऊ लागतात. हे खोटे आहे. पीडितेची साक्ष विश्वासार्ह ठरली तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते. शिवाय तपास कुठवर आला हे पीडितांना कळावे, अशी तरतूद अॅट्रॉसिटी कायद्याच्या 15-अ कलमात आहे. ठाण्यात जाऊन दोन तारखा मागाव्यात : मुद्देमाल कधी रवाना झाला आणि प्रयोगशाळेने पोच कधी दिली. मागणी लेखी करावी आणि तिच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का घ्यावा.