वाइनची बाटली कितीची घ्यावी? द्राक्ष बागायतदारांसाठी दराचा हिशेब

वरकुटे असो की बोरी, इंदापूर तालुक्यात पारावर द्राक्षाचे बोलणे निघाले की छाटणी, डाऊनी, मण्यांची फुगवण आणि व्यापाऱ्याचा भाव यांवरच चर्चा रंगते. द्राक्षाची वाइन होऊन बाटली दुकानात किती रुपयांना मिळते आणि त्या पैशात नेमके काय पदरात पडते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

वास्तविक हा धंदा आपल्या शिवेला येऊन ठेपलेला आहे. सराटीला नीरेचा पूल ओलांडला की अकलूज. त्या बाजूला माळशिरस तालुक्यात मोटेवाडी येथे फ्रातेली वाइन्स ही कंपनी आहे. इटालियन भाषेत 'फ्रातेली' म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, सेखरी बंधू आणि इटलीचे सेची बंधू यांनी २००७ साली ती उभी केली. दुसरीकडे बारामती-पाटस रस्त्याला दौंड तालुक्यातील रोटी येथे फोर सीझन्सची वायनरी झाली. ती कंपनी पुढे ग्रोव्हर झम्पाच्या प्रवर्तकांकडे गेली.

आता दराकडे वळू. पुढील आकडे ७५० मिलीच्या बाटलीचे आणि ढोबळ आहेत. बाटलीवरची छापील किंमत पाहूनच पैसे द्यावेत.

पाचशेच्या आत : या दरात बहुधा 'पोर्ट' नावाची गोड वाइन मिळते. नाव पोर्तुगालचे असले तरी आपल्याकडची पोर्ट बहुतेक वेळा बेंगलोर ब्लू जातीच्या द्राक्षाची असते, आणि गोडी वरून घातलेल्या साखरेची असते. तेवढ्याच पैशात वरच्या दर्जाची ३७५ मिलीची अर्धी बाटली मिळाली, तर ती घ्यावी. घरात चाखणारे दोघेच असतील तर अर्धी बाटली पुरते.

पाचशे ते हजार : पैसा वसूल म्हणतात तो इथेच. या दरात शेनिन ब्लां ही पांढरी वाइन घ्यावी. सुला आणि फ्रातेली या दोघांचीही मिळते. ही जात उत्पन्नाला चांगली आहे आणि तिची वाइन सहसा लाकडी पिंपात मुरवावी लागत नाही, म्हणून ती स्वस्त पडते. चव हलकी, किंचित गोडसर असते. नवख्या माणसाला तोंड वाकडे करावे लागत नाही.

हजार ते दोन हजार : तांबडी वाइन घ्यायची तर या दरात घ्यावी. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ किंवा ग्रोव्हरची ला रिझर्व्ह या नावाजलेल्या आहेत. ओक लाकडाच्या संगतीत त्या मुरतात. मटणाच्या जेवणाबरोबर जमतात.

दोन हजारांच्या घरात आणि पुढे : फ्रातेलीची सेत्ते, सुलाची रासा. कोणाला भेट द्यायची असेल तर ठीक. एरवी किंमत दुप्पट झाली म्हणून चव काही दुप्पट होत नाही, बरं का!

दुकानात तीन गोष्टी पाहाव्यात. पांढरी वाइन असेल तर लेबलवरचे साल एक-दोन वर्षांपेक्षा जुने नसावे. बाटली उन्हात किंवा दिव्याखाली ठेवलेली नसावी. आणि चैत्र-वैशाखात पत्र्याच्या गरम दुकानातून तर वाइन घेऊच नये. आपल्याकडचा पारा चाळिशी ओलांडतो आणि त्या उष्णतेने भारी वाइनही बिघडते.

आता बागायतदाराचा हिशेब. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षे लागतात. किलोला ४० रुपये भाव धरला, तर आठशेच्या बाटलीत द्राक्षाचा वाटा ५० रुपये. बाकीचा पैसा बाटली, बूच, टाक्या, थंड ठेवण्याची वीज, कर, वाहतूक, जाहिरात आणि दुकानदार यांच्यात वाटला जातो. म्हणून बाटलीची किंमत पाहून कोणी वाइनच्या जातीची लागण करू नये.

शिवाय हे द्राक्ष वेगळे. थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस या खाण्याच्या जाती. वाइनच्या शिराझ, कॅबर्ने, सोव्हिन्यों ब्लां या जातींचे मणी बारीक, बियांचे आणि जाड सालीचे. चांगल्या वाइनसाठी माल मुद्दाम कमी धरतात आणि गोडी २२ ब्रिक्सच्या पुढे गेल्यावर तोडतात. वायनरीने माल नाकारला तर तो बाजार समितीत खपत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

हे अनुभवाचे बोल आहेत. राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क काढले, करात सवलती दिल्या. लागण भराभर वाढली. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घसरली, वायनऱ्यांनी खरेदी आखडली आणि नाशिक भागात कित्येकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. ज्यांच्या हातात पक्का लेखी करार नव्हता, त्यांना दाद मागायलाही जागा उरली नाही.

तेव्हा लागणीआधी करार लेखी हवा. त्यात भाव, ब्रिक्सची अट, तोडणीची मुदत, पैसे मिळण्याची तारीख आणि माल नाकारल्यास जबाबदारी कोणाची, ही पाचही कलमे असावीत. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र यांचा सल्ला घ्यावा. जी जात लावायची तिची बाटली आधी आणून चाखावी आणि ती कोणत्या दरात विकली जाते ते पाहावे. भावाची घासाघीस करताना ते कामी येते.

गावकारभाऱ्यांसाठी दोन शब्द. फळाची असली तरी वाइन ही दारूच आहे. राज्यात ती २१ वर्षांखालील व्यक्तीला विकता येत नाही. घरच्या द्राक्षांची वाइन गाळून विनापरवाना विकणे हा गुन्हा आहे, मग बाग स्वतःची का असेना. हे ग्रामसभेत एकदा स्पष्ट सांगितलेले बरे.